सिकिहोरला पुन्हा गेलो तेव्हा

आमच्या घरात सिकिहोर हे नाव बोसनमुळे आलं. माझे यजमान मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. त्यांच्या जहाजांवर अर्धेअधिक खलाशी फिलिपिनो असायचे. त्यातलाच हा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. दोघांनी मालवाहू जहाजांवर बरीच वर्षं एकत्र काढली. दोघेही निवृत्त झाले, पण फोन चालू राहिले. तो ह्यांना अजून 'चीफ' म्हणतो आणि मला 'मॅम'. मी दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. आता मीही घरीच असते.

सिकिहोर हा फिलिपीन्सचा एक प्रांत आहे. एक बेट, तोच अख्खा प्रांत. क्षेत्रफळाने देशातला शेवटून तिसरा. बेटावर सहा गावं आणि लाखभर माणसं. सेबू, बोहोल आणि नेग्रोस ही मोठी बेटं आजूबाजूला. बहुतेक लोक बोटीनेच येजा करतात.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते करोनाच्या आधी. तेव्हा डोक्यात फक्त समुद्र होता. सान हुआनचा किनारा, पालितोनची पांढरी वाळू, लाझीजवळचा कांबुगाहाय धबधबा हे सगळं बघितलं. बोसनची आई तेव्हा होती. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला बिसाया. तरी आम्ही दोघी मागच्या पडवीत बसून शेवग्याचा पाला निवडायचो. तिकडे माशाच्या सारात तो हमखास घालतात. निघताना तिने पुन्हा या, असं हातानेच सांगितलं. करोनाच्या काळात ती गेली. आम्हाला जाता आलं नाही. पुन्हा जायचं ठरलं त्याचं खरं कारण ते होतं.

दुसरं कारण शाळा. बोसनची सून तिथल्या बरांगायच्या, म्हणजे वाडीच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पहिल्या खेपेला मी तिची शाळा बघायला गेले होते. वर्ग नीटनेटके होते. पण सामानाची खोली उघडली तेव्हा बघतच राहिले. कुठल्याशा परदेशी मंडळाने पाठवलेली खोकी छतापर्यंत रचलेली होती. आत लोकरीचे स्वेटर, टाचांचे बूट, वाळवी लागलेले ज्ञानकोश. बारा महिने घाम निघतो अशा बेटावर स्वेटर! टाकून देता येत नाहीत, कारण नोंदवहीत चढलेले. वापरता येत नाहीत, कारण उपयोग नाही. वर्गाची एक खोली त्यात अडकलेली.

त्यातली खरी अडचण मला नंतर घरीच कळली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड, मंडणगड, दापोलीवरून गेलं, तेव्हा आम्ही हेच बघितलं. आमच्या शाळेचे पत्रे उडाले होते. आम्हाला पत्रे हवे होते, ताडपत्री हवी होती, विजेचे खांब उभे व्हायला हवे होते. ट्रक आले ते जुन्या कपड्यांचे. पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते कपडे निवडण्यात, वाटण्यात आणि उरलेल्यांची विल्हेवाट लावण्यात माणसं गुंतून पडली. घेणाऱ्याच्या बाजूला बसल्यावर देण्यातली गडबड लवकर कळते.

म्हणून २०२५ मध्ये जायचं ठरलं तेव्हा मी आधी बोसनच्या सुनेला फोन केला. काय हवंय ते तुझ्या मुख्याध्यापकांना विचारून सांग, म्हटलं. चार दिवसांनी यादी आली. झेरॉक्सचे कागद, प्रिंटरची शाई, रंग आणि भिंतीवरचे दोन पंखे. कागद आणि शाई वाचून मला हसू आलं. तिकडेही शिक्षक सरावपत्रिका पदरच्या पैशाने छापतात. शेजारपाजारच्या मंडळींनी मुलांचे जुने कपडे न्या म्हणून आग्रह केला. मी नाही म्हटलं. दोघीतिघी थोड्या रुसल्या. सामानात नेली ती बोसनच्या घरासाठी आंबापोळी आणि काजू, एवढंच. शाळेसाठी पैसे आमचे दोघांचेच होते, २५,००० पेसो. तेव्हाच्या दराने एक पेसो दीड रुपयाच्या आसपास पडत होता.

जायची वेळही सुनेनेच सुचवली. फिलिपीन्समध्ये शाळा उघडण्याआधी एक आठवडा 'ब्रिगादा एस्क्वेला' असते. पालक, गावकरी, आजीमाजी विद्यार्थी येऊन शाळा झाडतात, दुरुस्त करतात, रंगवतात. शिक्षण खात्याचा हा उपक्रम २००३ पासून देशभर चालतो. २०२५ मध्ये तो ९ ते १३ जूनला होता आणि १६ जूनला शाळा उघडणार होत्या.

व्हिसाची आमची गंमत झाली. आम्ही रीतसर अर्ज करून, फी भरून व्हिसा काढला. आणि ८ जून २०२५ पासून फिलिपीन्सने भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपुरता व्हिसा माफ केला. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरत्या पैशांचा पुरावा हवा. ही १४ दिवसांची मुदत तिथे गेल्यावर वाढवून मिळत नाही. याशिवाय पोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत सरकारच्या 'ई-ट्रॅव्हल' साइटवर नोंद करायची असते. ती फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खरी नाही, एवढं लक्षात ठेवा.

मुंबईहून सिंगापूर आणि तिथून थेट सेबू असे गेलो. मनिलाला गेलो नाही, त्यामुळे विमानतळ बदलायची कटकट वाचली. डॉलर सेबूतच बदलून घेतले. रुपये तिकडे कुणी विचारत नाही. पेसोच्या लहान नोटा मुद्दाम मागून घेतल्या. त्या पुढे फार उपयोगी पडल्या.

अडचण सुरू झाली ती पाण्यावर. सेबूहून बोट बोहोलच्या तागबिलारानला जाते आणि तिथून पुढे सिकिहोरला. तागबिलारानला उतरलो तर पुढची फेरी रद्द. जूनमध्ये तिकडे 'हबागात' सुरू होतो. तो आपलाच नैऋत्य मोसमी वारा. समुद्र खवळला की हवामान खातं इशारा देतं आणि कोस्ट गार्ड बोटी थांबवतं. त्यावर कुणाचा इलाज नाही. धक्क्यावर लोक शांतपणे पिशव्या उशाशी घेऊन आडवे झाले. मी चिडले होते. हे मात्र खूश. बोट सोडली नाही हेच बरं, म्हणाले. समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाशी त्यावर वाद घालता येत नाही.

आम्ही बंदराजवळ एक साधं लॉज बघितलं. तिकिटाचे पैसे खिडकीवर परत मिळत होते, पण आम्ही दुसऱ्या दिवशीच्या बोटीत बदलून घेतलं. त्यासाठी मूळ छापील तिकीट लागलं. फोनमधला फोटो चालला नाही. दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि दुपारी आम्ही सिकिहोरला उतरलो.

बोसन धक्क्यावर होता. जरा वाकलाय आता. घरी गेल्यावर नातवंडं एकेक करून पुढे आली, माझा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. ती तिकडची मोठ्यांना मान देण्याची रीत. मग मी मागच्या पडवीत गेले. म्हातारीची खुर्ची तिथेच होती. मी तिच्यात बसले नाही.

संध्याकाळ झाली आणि दिवे लागलेच नाहीत. सिकिहोर मोठ्या बेटांच्या वीजजाळ्याला जोडलेलं नाही. वीज डिझेलच्या जनरेटरवर तिथेच तयार होते. त्या मे-जूनमध्ये जनरेटर एकामागून एक बंद पडले होते आणि दिवसातले कितीतरी तास वीज नसायची. प्रांताने आपत्तीची स्थिती जाहीर केली होती. आम्ही तिथे होतो त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष मार्कोस पाहणीला येऊन गेले. बोसनला बातमीतलं राजकारण नको होतं. घरातल्या फ्रीजमधल्या मासळीचं नुकसान त्याला जास्त दुखत होतं.

वीज नाही म्हणजे एटीएम नाही. आम्ही रोख पैसे नेले होते म्हणून निभावलं. आमच्याबरोबर बोटीत आलेलं एक तरुण जोडपं कार्डावर विसंबून होतं. त्यांना पैशांसाठी समोरच्या नेग्रोस बेटावरच्या दुमागेते शहराला जावं लागलं. वीज नाही म्हणजे पाण्याचा पंपही नाही. शाळेची खरी अडचण ती होती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई भेटल्या. त्यांनी यादी पुढे ठेवली आणि पंख्यांवर काट मारली. विजेचाच पत्ता नाही तर पंखे काय करायचे, म्हणाल्या. संडासाला पाणी नव्हतं. मुलं घरी पळायची, ती परत यायची नाहीत. मुली तर अजिबात नाही. त्यांना पावसाच्या पाण्याची टाकी हवी होती, पण मागायचा संकोच वाटत होता, कारण आम्ही पंख्यांचं कबूल केलेलं. पंखे आम्ही दापोलीहून घेऊन गेलो असतो तर विषय तिथेच संपला असता. पैसे हातात होते म्हणून बेत बदलता आला.

खरेदी बेटावरच केली. बेटावरच्या लारेना गावात हार्डवेअरची दुकानं आहेत. प्लॅस्टिकची टाकी, पीव्हीसी पाइप, पन्हळीचे तुकडे, दोन तोट्या, रंगाचे डबे, कागदाची रिमं, शाई. दुमागेतेला थोडं स्वस्त पडलं असतं, पण बोटीचं भाडं आणि हमाली धरली तर फरक उरत नव्हता. शिवाय दुकानदाराचा मुलगा त्याच शाळेत. त्याने टाकी स्वतःच्या गाडीतून पोचवली आणि भाडं घेतलं नाही.

ब्रिगादाच्या दिवसांत शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष कोयत्यांनी गवत कापत होते. बायका पडदे धूत होत्या, त्यासाठी पाणी विहिरीवरून आणत होत्या. कुणी मोडक्या बाकांना खिळे ठोकत होतं. दुपारी मोठ्या पातेल्यात बिनिग्नित आलं. नारळाच्या दुधात रताळं, केळं आणि साबुदाणा घालून केलेली खीर. मी दोन वाट्या खाल्ल्या.

टाकीचं काम ह्यांनी आणि बोसनने हातात घेतलं. टाकी बसवणं सोपं दिसतं, पण तीन गोष्टी चुकल्या तर सहा महिन्यांत ती निकामी होते. पहिली गोष्ट, छपरावरची धूळ, पाला आणि पक्ष्यांची घाण. पहिल्या सरीचं पाणी टाकीत जाता कामा नये. ह्यांनी पन्हळीच्या खाली एक उभा पाइप सोडला आणि त्याच्या तळाला फिरकीचं झाकण लावलं. आधीचं घाण पाणी त्या पाइपात भरतं. तो भरला की मगच स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं. पाऊस थांबला की झाकण फिरवून पाइप रिकामा करायचा. दुसरी गोष्ट, तोटी. ती तळाला न लावता चार बोटं वर लावली, म्हणजे खाली बसलेला गाळ खालीच राहतो. तिसरी गोष्ट, डास. फिलिपीन्समध्ये डेंग्यूचा त्रास मोठा आहे. टाकीच्या तोंडाला आणि जादा पाणी जाणाऱ्या पाइपालाही बारीक जाळी बांधली. झाकण फिरवायची पाळी पाचवी-सहावीच्या मुलांना वाटून दिली आणि तक्ता भिंतीवर लावला. तो तक्ता मी केला.

हे पाणी फक्त संडासाला आणि हात धुवायला. प्यायचं पाणी तिकडे बरेच जण मोठ्या निळ्या कॅनमधून विकत आणतात. मुख्याध्यापिकांनी टाकीवर तशी पाटी रंगवून घेतली.

देण्याची नोंद कशी झाली तेही सांगते. सरकारी शाळेला मदत देण्यासाठी फिलिपीन्समध्ये १९९८ चा 'अ‍ॅडॉप्ट-अ-स्कूल' कायदा आहे. आम्ही दानपत्रावर सही केली, शाळेने स्वीकारपत्रावर. वस्तू, नग आणि किंमत त्यात लिहिली, बिलं जोडली. मुलांच्या हातात आम्ही स्वतः काही दिलं नाही. कागद कोणत्या वर्गाला किती, हे शाळेने ठरवलं. फोटोही मुलांचे नाही, टाकीचे काढले. शिक्षण खात्याचं २०१२ पासून बालसंरक्षणाचं धोरण आहे. पाहुण्यांनी मुलांचे फोटो काढून नेऊ नयेत असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मला ते पटलं.

पालक समितीला आमच्या फोटोचा मोठा फ्लेक्स फाटकावर लावायचा होता. तिकडे त्याची फार हौस. त्या पैशात तिसरी तोटी बसवा, असं मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, फ्लेक्स लागला असता तर मनातून आवडलंच असतं.

मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटणारे पर्यटक मी कांबुगाहायला बघितले. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, शाळेच्या दिवशीही काही मुलं धबधब्यावर जाऊन उभी राहतात, कारण तिथे काहीतरी मिळतं. हे वाटणाऱ्याला कधी कळत नाही. तो फोटो काढून निघून जातो.

आता समुद्राचं. हबागातात पश्चिमेकडचे किनारे खवळतात. पालितोनला या वेळी पाण्यात शिरावंसं वाटलं नाही. बोसनने ट्रायसिकल, म्हणजे तिकडची रिक्षा, ठरवून आम्हाला पूर्वेच्या बाजूला, मारिया गावाजवळच्या सालागदूंगला नेलं. मोलावेच्या झाडांतून रस्ता खाली उतरतो. बेटाच्या आडोशामुळे तिथलं पाणी निवांत होतं. तरुण मुलं उंच कठड्यांवरून उड्या मारत होती. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात बसून राहिलो. नोव्हेंबरनंतर वारा ईशान्येचा होतो, तेव्हा उलट हिशेब. जायच्या महिन्यात वारा कुठून येतो ते बघून किनारा निवडा. ओहोटीला पाणी दूर हटतं आणि खडक उघडे पडतात. लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन असतात. रबरी बूट घातल्याशिवाय चालू नका.

एक दिवस समुद्र शांत मिळाला तेव्हा सान हुआनच्या तुबोद अभयारण्यात गेलो. किनाऱ्यालगतचा हा तुकडा मासेमारीला बंद आहे. थोडी फी भरायची, स्थानिक वाटाड्या घ्यायचा, प्रवाळाला हात लावायचा नाही. मला पोहता येतं, पण पाण्याखाली बघायची पहिलीच वेळ. पिवळ्या माशांचा थवा माझ्या हाताखालून गेला आणि मी तोंडातली नळी सोडून 'अगं बाई' म्हटलं. बरंचसं खारं पाणी पोटात गेलं.

हे बंद तुकडे ठेवायची पद्धत या भागात जुनी आहे. दुमागेतेच्या सिलिमान विद्यापीठातले शास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांनी १९७४ मध्ये सुमिलोन बेटाजवळ आणि नंतर आपो बेटावर गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती सुरू केली. बंद भागात मासे वाढतात आणि बाहेर पडून कोळ्यांच्याच जाळ्यात येतात. आमच्या दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर मासळी कमी झाल्याच्या तक्रारी ऐकलेल्या ह्यांना त्यात फार रस वाटला. वाटाड्याला त्यांनी इतके प्रश्न विचारले की शेवटी तोच दमला.

परतीला आम्ही विमानाच्या वेळेआधी पूर्ण एक दिवस हातात ठेवून बेट सोडलं. समुद्र शांत होता, तो दिवस सेबूत रिकामा गेला. तरी पुन्हा असंच करू. निघताना शाळेत गेलो. रात्री पाऊस झाला होता आणि टाकी अर्धी भरली होती. एक मुलगी दुसरीला झाकण कसं फिरवायचं ते दाखवत होती. आम्ही लांबूनच बघितलं.

त्यानंतर ३० सप्टेंबर २०२५ ला उत्तर सेबूत ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सेबूत वादळाने मोठा पूर आला. आमच्या शेजारणींनी पुन्हा कपड्यांची पिशवी आणून दिली. मी बोसनला फोन केला. तो म्हणाला, वस्तू नकोत, द्यायचंच असेल तर फिलिपीन रेड क्रॉसला पैसे द्या. पिशवी मी परत केली. या वेळी कुणी रुसलं नाही.

तुम्ही अशा कुठल्या बेटावर, किंवा आपल्याच कोकणातल्या एखाद्या वाडीत काही द्यायला निघाला असाल तर एवढंच करा. जाण्याआधी शाळेला विचारा, पोचल्यावर पुन्हा विचारा, कारण गरज बदललेली असते. सामान तिथल्याच दुकानातून घ्या. मुलांच्या हातात न देता शाळेकडे द्या आणि पावती घ्या. आणि जे द्याल ते दुरुस्त कोण करणार, हे ठरवल्याशिवाय तिथून निघू नका.